कडेवरच्या मुलाचा केसपेपर

गर्भिणी तपासणीसाठी येते तेव्हा आपण केसपेपरवर एकच नाव लिहितो. कितवा महिना, कितवी खेप, नाडी, रक्तदाब, पायांवर सूज आहे काय, मागील प्रसूती कशी झाली, हे सर्व आपण विचारतो. तिच्या कडेवर एक-दीड वर्षाचे लेकरू असते. ते किरकिरते, टेबलावरील वस्तू ओढते. आपण त्याच्या हातात एखादी गोड गोळी ठेवतो आणि पुन्हा आईकडे वळतो. त्या मुलाचे नाव, वजन, आहार यांची नोंद कोठेही होत नाही. ही नोंद न करणे हा आपल्या व्यवसायातील एक गंभीर दोष आहे, असे माझे मत झाले आहे. ते माझ्या स्वतःच्या चुकीतून झाले असल्याने प्रथम ती चूकच सांगतो.

युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड) परिसरातील एक तरुण स्त्री काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. दुसरी खेप, चौथा महिना. पहिला मुलगा १४ महिन्यांचा व अंगावर पिणारा. तिची तक्रार अन्नद्वेषाची होती. जाता जाता तिने मुलाविषयीही सांगितले. ‘काही खात नाही, खोकतो, पोट मोठे दिसते.’ मी आईला मासानुमासिक पथ्य सांगितले आणि मुलासाठी विडंगयुक्त कृमिघ्न औषध दिले. उठताना तिने विचारले, “डॉक्टरसाहेब, याचं दूध तोडावं का?” पुढचा रुग्ण दारात उभा होता. मी म्हणालो, “आता तोडायलाच हवे.”

पाच आठवड्यांनी ती परत आली तेव्हा मुलाच्या दोन्ही पायांवर सूज होती. बोट दाबले की खड्डा राहत होता. ते रडतही नव्हते, आईच्या खांद्यावर मान टाकून पडले होते. तिने सांगितले, “तुम्ही म्हणलात त्याच दिवशी लिंबाचा पाला वाटून लावला. सासूबाईबी म्हणत होत्या, पोटातल्याचं ह्यानं पिलं तर दोघंबी हातचे जातील.” दूध तुटले होते आणि त्याच्या जागी चहात बुडवलेल्या बिस्किटांखेरीज काहीही आले नव्हते. मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागले व सुदैवाने ते बरे झाले. परंतु सासूबाईंच्या समजुतीवर शास्त्राची मोहोर मी उठवली होती, ही गोष्ट मला आजही विसरता येत नाही.

शास्त्राने दिलेले नाव

खेदाची गोष्ट अशी की, या मुलाचे वर्णन माझ्या कपाटातील ग्रंथात होते. माधवकराने बालरोगनिदानात ‘पारिगर्भिक’ सांगितला आहे. गर्भिणी मातेचे स्तन्य पिणाऱ्या बालकास कास, अग्निमांद्य, वमन, तंद्रा, कार्श्य, अरुची, भ्रम आणि कोष्ठवृद्धी ही लक्षणे होतात. परीक्षेसाठी ही लक्षणे आपण सर्वांनी पाठ केलेली आहेत. याच व्याधीला ‘परिभव’ असे दुसरे नाव आहे. परिभव म्हणजे पराभव, मानखंडना. व्याधीचे हे नाव दोषावरून वा धातूवरून आलेले नाही. जागा गेलेल्या मुलाची अवस्था त्यात सांगितली आहे.

१९३३ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, सूज येऊन खंगणाऱ्या लहान मुलांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. १९३५ साली त्यांनी या आजारासाठी तेथील गा भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हा शब्द वैद्यकात आणला. दुसरे मूल आले म्हणजे आधीच्या, पदच्युत झालेल्या मुलास होणारा आजार, असा त्याचा अर्थ त्यांनी दिला. दोन दूरच्या समाजांनी आपापल्या अनुभवातून जवळजवळ एकच नाव ठेवावे, हे विचार करण्यासारखे आहे. पारिगर्भिक व क्वाशिओरकोर हे तंतोतंत एकच आहेत, असा दावा मी करत नाही. क्वाशिओरकोर केवळ प्रथिनांच्या अभावाने होतो ही जुनी कल्पनाही आता अपुरी मानली जाते, वारंवार होणारे संसर्ग व आतड्यांची अवस्था यांचाही त्यात वाटा असतो. तथापि दोन्ही नावांनी बोट एकाच प्रसंगाकडे दाखविले आहे. आईला पुन्हा दिवस जातात आणि घराचे लक्ष कडेवरच्या मुलावरून उडते.

दूध विषारी होते काय?

‘पोटुशीचे दूध बाधते’ ही समजूत आपल्याकडे दृढ आहे आणि तिच्या समर्थनार्थ पारिगर्भिकाचाच दाखला दिला जातो. मला हा अर्थ अपुरा वाटतो. ग्रंथकार म्हणतात की, असे मूल बहुधा स्तन्य पीत असते आणि तरीही क्षीण होते. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय अग्निदीपनाचा आहे. अग्नी प्रदीप्त करावयाचा तो अन्न पचविण्यासाठी. पुढे ताटात अन्नच नसेल तर दीपनाचा उपयोग काय?

चरकाने शारीरस्थानात गर्भिणीच्या आहाररसाचे तीन वाटे सांगितले आहेत. एकाने तिच्या शरीराचे पोषण होते, दुसरा स्तन्यासाठी आणि तिसरा गर्भवृद्धीसाठी जातो. अंगावर पिणारे मूल असताना गर्भ राहिला म्हणजे तिसऱ्या वाट्याची मागणी रोज वाढत जाते. स्तन्य कमी होते, मूल ओढत राहते आणि त्याची भूक भागत नाही. गर्भारपणाच्या मध्यानंतर दूध घटते व हळूहळू प्रसूतीपूर्व चिकाचे रूप घेते, हे आजचे ज्ञानही याच्याशी जुळते. निरोगी गर्भारपणात, पूर्वी अकाली प्रसूती वा सध्या रक्तस्राव झालेला नसेल तर, स्तनपान एकाएकी बंद करण्याचे कारण नसते. अशी जोखीम असेल तेथे प्रसूतितज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. इतरत्र दूध सोडवावयाचे ते क्रमाक्रमाने, हेच वाग्भटाचेही सांगणे आहे. दात आल्यावर हळूहळू स्तन्य कमी करावे आणि स्तन्य सुटलेल्या बालकास प्रियाल, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा प्रीणन मोदक द्यावा, असे त्याने सांगितले आहे. प्रीणन म्हणजे तृप्ती. दूध काढून घेताना त्या जागी तृप्ती द्यावी, एवढी काळजी शास्त्राने घेतली आहे. आपण मात्र लिंबाचा पाला तेवढा लक्षात ठेवला. (एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.)

आपल्या भागातील वास्तव

पुस्तकातील पथ्य सांगताना ते कोणाला सांगत आहोत याचा विचार व्हावयास हवा. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. गर्भिणीने भार उचलू नये, मुलास कडेवर घेऊ नये, असे आपण सांगतो. मुलास ती एक वेळ उचलणार नाही. डोक्यावरची उसाची मोळी मात्र तिला उचलावीच लागते. फडाच्या बांधावर झोळीत किंवा कोपीत पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असलेले मूल दिवसभर काय खाते, हे आपण विचारत नाही. काही कुटुंबे मुलास आजी-आजोबांकडे गावी ठेवून जातात. तेथे दूध तुटणे आणि आई दुरावणे या दोन गोष्टी एकाच दिवशी घडतात.

यात मुलींच्या वयाची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. जिचे स्वतःचे धातू अजून परिपूर्ण व्हावयाचे आहेत, तिच्या रसाचे तीन वाटे होतात. अशा स्थितीत पारिगर्भिक हा एका मुलाचा व्याधी राहत नाही. आई, गर्भ आणि मूल या तिघांचा तो एकत्रित क्षय ठरतो.

आपण काय करू शकतो

काही सहकारी म्हणतील, हे अंगणवाडीचे व आशाताईंचे काम आहे. ते त्यांचे काम आहेच. परंतु आई आपल्या पायांनी ज्या खुर्चीसमोर येऊन बसते ती खुर्ची आपली आहे, आणि ‘दूध तोडू का’ हा प्रश्न ती आपल्याला विचारते.

माझी पहिली सूचना अशी की, कडेवर मूल घेऊन आलेल्या प्रत्येक गर्भिणीच्या केसपेपरवर मुलासाठी चार ओळी असाव्यात. वय, वजन, दंडघेर आणि काल दिवसभरात खाल्लेले पदार्थ. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या डाव्या दंडाचा मध्यभागी घेतलेला घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण होय. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल तर दंडघेर कितीही असो, मुलास त्वरित रुग्णालयात पाठवावे. तेथे चूर्ण-आसवांची वाट पाहू नये.

दुसरी सूचना आहाराची. ती घरात जे आहे त्यातूनच द्यावी. लोणी आणि दूध लिहून दिले व घरी दुभते जनावर नसले तर ते कागदावरच राहते. मुगाची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा बारीक कूट, तिळाचे तेल वा तूप, चालत असेल तेथे अंडे. दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे, कोणीतरी समोर बसून भरविलेले. अग्नी मंद असेल तर लाजामंड व मुगाचे कढण यांनी सुरुवात करावी. दूध सोडवावयाचे झाल्यास प्रथम दिवसाची एक पाजणी कमी करावी व त्या वेळी अन्न द्यावे. रात्रीची पाजणी सर्वांत शेवटी. मुलास या काळात आईजवळ बसू द्यावे. आईने त्यास उचलण्याऐवजी खाली बसून मांडीवर घ्यावे, आणि निजविण्याचे काम वडिलांनी हळूहळू आपल्याकडे घ्यावे. डोहाळजेवणात आईच्या पानाशेजारी मोठ्याचेही पान मांडावे. परिभव टाळण्याचा हाही एक उपाय आहे.

ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबास, जाण्यापूर्वी अंगणवाडीत स्थलांतराची नोंद करण्यास सांगावे. पोषण ट्रॅकरमध्ये तशी सोय आहे. ही एक सूचना औषधाच्या पुडीइतकीच मोलाची ठरू शकते.

तिसरी सूचना सर्वांत अवघड व सर्वांत आवश्यक आहे. दोन बाळंतपणांतील अंतराविषयी आपण बोलले पाहिजे. एका प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या तज्ज्ञ बैठकीची शिफारस आहे. बाळास दोन वर्षे स्तनपान मिळावे या शिफारशीशी ती सुसंगत आहे. अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत, यावर अनेक स्त्रिया विसंबतात. हे संरक्षण पहिल्या सहा महिन्यांपुरते, पाळी आलेली नसताना आणि मूल केवळ अंगावरच्या दुधावर असतानाच भरवशाचे असते. शासकीय केंद्रांत तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन व ‘छाया’ गोळी मोफत मिळते. ‘छाया’ संप्रेरकरहित असून पाजणाऱ्या मातेसही चालते. हे सांगितल्याने आपले वैद्यकत्व कमी होत नाही. पारिगर्भिकाचे निदानपरिवर्जन याहून वेगळे ते काय?

औषध विक्रेत्यांना विनंती

आपल्या वाचकांत औषधालयांचे मालक मोठ्या संख्येने आहेत. ‘मूल खात नाही, काही टॉनिक द्या’, ‘पोट फुगले, जंताचे द्या’, ‘खोकला जात नाही’ अशा तीन मागण्या घेऊन एकच आजी तुमच्या दुकानात महिन्यात तीनदा येते. ही तीन औषधे एका व्याधीची तीन लक्षणे असू शकतात. अशा वेळी बाटली काढण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. ‘याच्या आईला दिवस गेले आहेत काय?’ उत्तर होकारार्थी असेल तर बाटलीपेक्षा चिकित्सकाचा पत्ता द्यावा. चार वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची क्लोरफेनिरामीन व फिनाइलएफ्रिन ही संयुक्त औषधे देऊ नयेत, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये कळविले आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे दूषित खोकल्याच्या औषधाने झालेले बालमृत्यूही आपण विसरू नयेत. दंडघेर मोजण्याची पट्टी गल्ल्याशेजारी टांगून ठेवता येते. तिला खर्च जवळपास नाही.

तो मुलगा पुढे आपल्या धाकट्या बहिणीचा हात धरून माझ्या दवाखान्यात आला. त्या दिवशी त्या घरातील तिघांचेही वजन मी नोंदविले. तेव्हापासून गर्भिणीची नाडी पाहण्यापूर्वी मी कडेवरच्या मुलाचे नाव विचारतो. सर्व व्यवसायबंधू-भगिनींनीही हा प्रघात सुरू करावा, अशी नम्र विनंती आहे. आणि ‘दूध तोडावे का’ हा प्रश्न आला की, दारात कितीही रुग्ण उभे असले तरी, उत्तरासाठी पाच मिनिटे द्यावीत.