गाडी उचलली, पण शाफ्टचं काय?

धुऱ्यावर ट्रॅक्टर वळतो, रोटाव्हेटर वर उचलला जातो आणि पीटीओ बंद करायचा राहिला की मागे खडखड सुरू होते. ढाणकीतल्या शाळकरी पोरालाही हा आवाज ओळखू येतो. वडील लगेच ओरडतात, ‘अरे, पीटीओ बंद कर!’ कारण उचलल्यावर शाफ्टचा कोन वाढलेला असतो. मग तोच पोरगा बावीसचा होऊन फोर बाय फोर पिकअप चार इंच उचलतो, तेव्हा हा धडा कुठे जातो?

मित्रांनो, गाडी उचलायला माझा विरोध नाही. काळ्या मातीतली पावसाळ्यातली पांदण ज्याने पाहिली, त्याला उंच गाडीची किंमत सांगावी लागत नाही. पण रील्समध्ये दिसते ती फक्त उंची. पाट्यांखाली ब्लॉक टाकले, मोठे टायर चढवले, फोटो काढला, संपलं! खाली काय बदललं, हे कोणी दाखवत नाही.

माझ्या मावसभावाचंच घ्या. गाडी उचलल्यावर साठच्या पुढे ती थरथरायला लागली. गॅरेजमध्ये आधी चाकांचं बॅलन्सिंग झालं, मग शाफ्टचा क्रॉस बदलला, काही महिन्यांनी पुन्हा बदलला. पैसे गेले, थरथर तिथेच. कोन मात्र कुणी मोजलाच नाही.

गोष्ट अशी आहे. गिअरबॉक्सची ताकद मागच्या डिफरन्शियलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट नेतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. क्रॉस कोनात फिरला की पुढचा भाग एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वेग घेतो, दोनदा मंदावतो. कोन १० अंश असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास, २० अंशांवर मात्र सहा टक्के. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि शाफ्टचे दोन्ही फोर्क एका रेषेत असतील, तर एका क्रॉसचा झटका दुसरा खाऊन टाकतो. गाडी उचलताना हाच हिशेब बिघडतो.

तो दुरुस्त करायला रॉकेट सायन्स लागत नाही. गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी करा. खाली जाण्याआधी चाकांना गुटके लावा. कोनमापक किंवा मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप घेऊन तीन जागी उतार मोजा: ट्रान्सफर केसचं तोंड, शाफ्ट आणि डिफरन्शियलचं तोंड. समजा ते ३, ११ आणि ६ अंश आले आणि तिन्ही उतार एकाच दिशेचे आहेत. म्हणजे वरच्या क्रॉसचा कोन ८, खालच्याचा ५. फरक तीन अंशांचा. तो एका अंशाच्या आत हवा. इथे पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये तीन अंशांची स्टीलची पाचर बसवून डिफरन्शियलचं तोंड ३ अंशांवर आणलं की दोन्हीकडे ८ होतात.

गंमत बघा, या गाडीत तोंड आणखी वर केलं असतं तर खालचा कोन कमी दिसला असता आणि थरथर वाढली असती. ‘तोंड शाफ्टकडे वळव’ हा सल्ला वरच्या टोकाला डबल क्रॉस असलेल्या शाफ्टसाठीच खरा आहे. आणि ८ अंश जुळले तरी ते जास्तच आहेत, क्रॉस लवकर झिजणार. रोज रस्त्यावर पळणाऱ्या गाडीला तीनेक अंश बरे. म्हणून उंची कमी ठेवणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर सेंटर बेअरिंगची जागाही तपासा. आणि उचलल्यावर शाफ्ट स्लाइडमधून किती बाहेर आला, तेही बघा.

हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही. भरल्या गाडीत क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक खाली पडलं, तर ते रस्त्यात रुतू शकतं. त्या वेळी मागे डाल्यात कोण बसलेलं असतं, हे आपल्याला माहीत आहे.

आणखी एक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीचा मूळ तपशील बदलणारा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. तेव्हा पाट्यांना हात लावण्याआधी आरटीओत विचारा. अपघातानंतर विम्याचा दावा अडकला, तर रील कामी येणार नाही.

आपल्या गावात कोनाची समज नाही असं नाही. ती ट्रॅक्टरवर आहेच, फक्त पिकअपखाली न्यायची आहे. पुढच्या वेळी मित्र म्हणाला, ‘भाऊ, गाडी उचलली!’ तर लाईक नंतर द्या. आधी विचारा, ‘कोन मोजला का?’