आरएक्स १००: सजवायची की जपायची?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी आरएक्स १०० आली की माना वळतातच. मग कट्ट्यावर ठरलेला वाद सुरू. एक म्हणतो, ‘सायलेन्सर बदल, मागची फ्रेम कापून कॅफे रेसर कर, कसली भारी दिसेल!’ दुसरा म्हणतो, ‘हात लावू नकोस, ओरिजिनलच ठेव.’ तुम्ही कोणाच्या बाजूने?

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आता बेकायदा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. कर्कश सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात, ते फोटो तुम्ही पाहिले असतीलच. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलांमुळे अपघातानंतर दावा अडकू शकतो.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक प्रश्न उरतोच. यामाहाची ही गाडी आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. त्यामुळे एकदा कापलेली फ्रेम किंवा भंगारात दिलेला मूळ सायलेन्सर परत मिळवणं सोपं नाही. उद्या गाडी विकायची वेळ आली, तर शौकीन गिऱ्हाईक सगळ्यात आधी हेच तपासणार.

मग गाडीवर स्वतःची छाप सोडायचीच नाही का? सोडा की! सीट कव्हर बदला, ग्रिप बदला. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्या. साधा हिशेब असा, की जे उद्या काढून गाडी पुन्हा पहिल्यासारखी करता येईल तेवढंच करा. आणि काढलेला प्रत्येक भाग घरी जपून ठेवा.

गंमत म्हणजे, ९८ सीसीच्या या चपळ गाडीला पुढे-मागे ड्रम ब्रेकच आहेत, पण आपले पैसे जातात आवाजावर! तेव्हा या रविवारी मेकॅनिककाकांकडे गेलात तर सायलेन्सरचा भाव नंतर विचारा. आधी चाक उघडून ब्रेक शू किती झिजलेत ते बघायला सांगा.