परक्या गावाची कादंबरी आपल्या गावात वाचावी

गावाबद्दल गावात मोकळं बोलणं फार अवघड असतं. तोंड उघडायचा अवकाश, कुणाचा तरी चुलता, कुणाची तरी सून, कुणाचा तरी बांध मध्ये येतो. मी खर्ड्यात शिक्षिकेची नोकरी केली आणि इथेच निवृत्त झाले. ग्रामसभा पाहिल्या, तंटामुक्तीच्या बैठका पाहिल्या. तिथे आवाज चढतात, पण ज्या विषयावर बोलायला हवं त्याच्या अलीकडे येऊन सगळे थांबतात आणि चहा मागवतात. आता माझं मत पक्कं झालं आहे. गावाला स्वतःविषयी बोलतं करायचं असेल तर दूरच्या, अगदी परक्या गावाची चांगली कादंबरी हाती घ्यावी आणि ती चारचौघांत मोठ्याने वाचावी.

आम्ही इजिप्तची कादंबरी वाचली. अब्देल रहमान अल-शरकावी यांची ‘अल-अर्द’, म्हणजे ‘जमीन’. शरकावी स्वतः नाईलच्या खोऱ्यातल्या खेड्यातले, शिक्षणाने वकील. कादंबरी आधी वर्तमानपत्रातून क्रमशः आली आणि १९५४ साली पुस्तकरूपाने निघाली. इजिप्तचं नाव घेतलं की आपल्याकडे पिरॅमिड आठवतात. वाचणाऱ्यांना नजीब महफूज आठवतात, कारण त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. महफूज मोठेच, पण त्यांच्या नावाजलेल्या कादंबऱ्या कैरोच्या गल्लीबोळांत घडतात. आमच्या मंडळींना शेत हवं होतं, विहीर हवी होती. म्हणून शरकावी.

भाच्याने पुण्याहून इंग्रजी प्रत आणून दिली. मी दुपारी चार-पाच पानं मराठीत वहीत उतरवायची आणि दिवेलागणीनंतर ओट्यावर वाचायची. ऐकायला येणाऱ्यांत एक शिंपी, एक आशाताई, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली, दर साल कोयत्यावर जाणारं एक जोडपं, आणि बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले एक आजोबा. पुस्तक वाचायला शहरातल्यासारखी मंडळं लागतात, हा समज मला पटत नाही. श्रावणात पोथी लावायची रीत आपल्या गावोगाव होती. ‘हरिविजय’ लागे, ‘पांडवप्रताप’ लागे. एकजण वाची, दुसरा अर्थ सांगे, ऐकणाऱ्यांत निम्म्यांना अक्षरओळख नसे, तरी समाप्तीपर्यंत कथा सगळ्यांना तोंडपाठ होई. आम्ही तीच बैठक घेतली, फक्त एक मुभा वाढवली. पोथीला मध्येच ‘असं का?’ म्हणून अडवत नाहीत, कादंबरीला अडवायचं.

काळ १९३० नंतरचा. इस्माईल सिदकी यांचं सरकार आहे, त्यांनी १९२३ ची राज्यघटना मोडीत काढली आहे. कैरोच्या शाळेत शिकणारा एक बारा वर्षांचा मुलगा सुट्टीत गावी येतो आणि गोष्ट सांगू लागतो. गावाच्या पाण्याची पाळी दहा दिवसांवरून पाच दिवसांवर आणल्याचा हुकूम येतो. उरलेलं पाणी बड्या जमीनदाराकडे वळणार असतं. पुढे त्याच्या वाड्याकडे जाणारा रस्ता शेतकऱ्यांच्या उभ्या पिकातून आखला जातो. अबू सुवैलिम नावाचा पीळदार म्हातारा, त्याची मुलगी वसीफा, अब्देल हादी हा तगडा जवान, मास्तरकी करणारा मुहम्मद एफेंदी, सरकारच्या तालावर नाचणारा ओम्दा, म्हणजे तिथला पाटील. पहिले दोन दिवस ही नावं आमच्या जिभेवर बसेनात. तिसऱ्या दिवशी आजोबांनी ओम्द्याला एक अस्सल खर्ड्याची शिवी हासडली, आणि मला कळलं की कादंबरी लागली.

पाळीच्या भांडणाचं प्रकरण ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी ओटा रात्री उशिरापर्यंत उठला नाही. पाणी अर्ध्यावर आल्यावर इजिप्तचे शेतकरी जमीनदाराशी भांडत नाहीत, आधी आपसात भांडतात. अब्देल हादी आणि शेजारी लाठ्या घेऊन एकमेकांवर उठतात. आमच्याकडे पाटाचं पाणी नाही, सामायिक विहिरी आहेत. बापाच्या विहिरीत चार भावांचा चार-चार आणे हिस्सा, सातबाऱ्यावर तशी नोंद, आणि पाळीचे वार ठरलेले. ज्याच्या वारी लाईट रात्री दोनला येणार त्याने दोनला उठायचं. मोटार सुरू करून दारं धरायला जावं तर फेज उडालेला. लाईट परत येते तोवर वार बदललेला असतो आणि पाणी दुसऱ्या भावाचं झालेलं असतं. त्या गेलेल्या तीन तासांवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या लेकींच्या लग्नाला गेलेले नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणी बोलत नाही. त्या रात्री बोलले. सुरुवात इजिप्तच्या शेजाऱ्यांपासून झाली, मग शिंप्याने हळूच विचारलं, ‘बाई, पण ते पाणी पाच दिवसांवर आणलं कुणी? मारामारी तर भलत्याशीच चाललीय की.’ ऊसतोडीला जाणारा भाऊ म्हणाला, ‘आमच्या विहिरीवर पण तसंच. लाईट रात्रीची केली कुणी, ते राहिलं बाजूला.’

त्याच प्रकरणात भांडण पेटलेलं असताना एक जनावर रहाटाच्या विहिरीत पडतं. क्षणात लाठ्या खाली पडतात आणि तेच हात दोराला लागतात. हे वाचलं तेव्हा आजोबा नुसती मान हलवत राहिले. ‘हे लिहिणारा शेतकऱ्याच्या पोटचा आहे,’ एवढंच म्हणाले. मी आयुष्यभर समीक्षेची पुस्तकं वाचली. शरकावींविषयी यापेक्षा नेमकं मला काही सांगता येणार नाही.

मग अर्जाचं प्रकरण. पाणी परत मिळावं म्हणून गावकरी अर्ज करायचं ठरवतात. तिकडे सहीऐवजी प्रत्येकाचा शिक्का असे. गावकरी विश्वासाने शिक्के देतात आणि नंतर कळतं की त्या कागदावर त्यांनी आपल्याच जमिनीतून रस्ता मागितला आहे. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कोयत्यावर जाणारी बाई बोलली, एरवी ती पदर तोंडाशी धरून नुसती ऐकायची. उचल घेताना तिचा आणि नवऱ्याचा अंगठा कोऱ्या बाँडवर घेतला होता. आकडा नंतर भरला गेला. एक हंगाम संपला तरी ती उचल फिटली नाही, दुसऱ्या हंगामातही तिचं व्याज निघालं. ‘त्यांचा शिक्का आन् आमचा अंगठा,’ ती म्हणाली. कॉलेजातल्या मुलींनी त्याच रात्री तिला सही गिरवायला शिकवायला घेतली. जामखेड तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर गाड्याच्या गाड्या भरून माणसं कारखान्यांवर जातात. त्यांच्याविषयी अहवाल निघतात, मोर्चे निघतात, आणि ते निघायलाच हवेत. पण त्या बाईला आपली गोष्ट चार माणसांत सांगायला जागा मिळाली ती एका इजिप्शियन कादंबरीमुळे, हे मी पाहिलं आहे.

कुणी विचारेल, मराठीत काय कमी आहे? काही कमी नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली, म्हणजे ‘अल-अर्द’ची जवळजवळ जुळी बहीण, तिथेही एका शिकलेल्या पोराच्या डोळ्यांनी गाव दिसतं आणि शेवटी दुष्काळ गाव उठवतो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, कर्जात रुतलेलं शेतकरी घर त्याहून जवळून मी कुठे वाचलेलं नाही. ही दोन्ही पुस्तकं आम्ही ओट्यावर वाचली, आणि लोक मनापासून रडले, हसले. पण चर्चा सुरू झाली की पात्रांची आडनावं आड यायची. हा अमक्याच्या जातीचा, म्हणून लेखकाने त्याला असा रंगवला. हा तर आपल्याच वाडीतल्या तमक्यासारखा. लगेच एक बाजू बचावाला, दुसरी तिरकं बोलायला. ओम्द्याला मात्र खर्ड्यात भावकी नाही. त्याला मनसोक्त शिव्या देता येतात, आणि देता देता आपल्या डोळ्यांसमोर कोण उभं आहे ते ज्याचं त्याला कळतं.

याची सगळ्यात मोठी परीक्षा खद्रापाशी आली. खद्रा ही त्या गावातली बिनजमिनीची, कुणी नसलेली मुलगी. ज्याला जमीन नाही त्याला अब्रूही नाही, असं ते गाव धरूनच चालतं. हीच माणसं स्वतःच्या जमिनीसाठी छाती पुढे करून उभी राहतात, अन्याय म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि खद्राचं जगणं-मरणं मात्र त्यांच्या हिशेबात कुठेच धरलेलं नसतं. शरकावी आपल्या लाडक्या गावकऱ्यांनाही इथे सोडत नाहीत. म्हणून मी त्यांना मोठा लेखक मानते.

खर्ड्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात ११ मार्च १७९५ च्या लढाईसाठी येतं. मराठ्यांनी निजामाला इथे हरवलं. शाळेत मी ते वर्षानुवर्षं अभिमानाने शिकवलं. पण अलीकडच्या काळात हे नाव देशभर गेलं ते वेगळ्या कारणाने. २०१४ च्या एप्रिल महिन्यात इथल्या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. बाहेरून पुढारी आले, पत्रकार आले, गेले. गावाने मात्र त्यावर आपसात, सगळ्या आळ्यांनी एकत्र बसून, बोलणं टाळलं.

खद्राचं प्रकरण वाचलं त्या संध्याकाळी आशाताई म्हणाली, ‘तिच्यासाठी एकानेही तोंड उघडलं नाही. ती त्यांच्यातली नव्हती ना.’ त्यावर एक मुलगी म्हणाली, ‘आपल्याकडे तरी कुठं उघडलं?’ कुणी तिला गप्प केलं नाही. कुणी उठून गेलं नाही. त्यानंतर जे बोलणं झालं ते मी इथे लिहिणार नाही, ते त्या माणसांचं आहे. पण इतक्या वर्षांत त्या मुलाचं नाव, वेगवेगळ्या आळ्यांतली माणसं एका ओट्यावर बसलेली असताना, खालच्या आवाजात का होईना पण आदराने घेतलं गेल्याचं मी प्रथमच ऐकलं. कादंबरीने कुणाला न्याय मिळत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. न्याय न्यायालयातच मिळायला हवा. पण साक्षीला उभं राहायचं बळ न्यायालयाच्या पायरीवर अचानक येत नाही. आपल्या माणसांत खरं बोलायची सवय आधी लागावी लागते.

कादंबरीतला एक छोटा भाग मला फार आवडतो. तो बारा वर्षांचा मुलगा ‘जैनब’ वाचत असतो. मुहम्मद हुसैन हैकल यांची ही कादंबरी त्याच्या आधी कितीतरी वर्षं, १९१३ साली आलेली, खेड्यातल्या प्रेमाची. मुलाला वाटतं, जैनबच्या गावासारखं आपलं गाव का नाही? तिथे कुणी पाणी तोडत नाही, जमीन काढून घेत नाही, चाबकाने फोडत नाही. शरकावींनी आपल्या कादंबरीत आधीच्या मोठ्या कादंबरीला असा उलट प्रश्न विचारला आहे. मुलींना मी सांगितलं, तुम्हीही ‘अल-अर्द’ला विचारा. त्यांनी विचारलं. वसीफाच्या लग्नाच्या गोष्टी करताना सगळे तिला मागणी घालणाऱ्याची जमीन मोजतात, तिला कुणी काही विचारत नाही, मग ही जमीन नक्की कुणाची? प्रश्न बरोबर होता. पुढच्या श्रावणात नवाल अल-सादावी घ्यायच्या, असं तिथेच ठरलं. सादावी गावात डॉक्टरकी केलेल्या बाई. १९८१ साली सादात यांच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं होतं.

‘अल-अर्द’वर युसूफ शाहीन यांनी चित्रपट केला, १९७० साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. शेवट आम्ही शिंप्याच्या दुकानात लॅपटॉपवर पाहिला. अबू सुवैलिमला दोरीने बांधून शेतातून फरफटत नेतात आणि त्याची रक्ताळलेली बोटं माती सोडत नाहीत. बघायला दुकानाबाहेरही माणसं उभी होती. अरबीतला एक शब्द कुणाला कळत नव्हता आणि कुणी अर्थ विचारला नाही.

आता ज्यांच्या हाती काही करण्यासारखं आहे त्यांना सांगते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. नगरचं जिल्हा वाचनालय तर १८३८ पासूनचं. गावोगाव शासनमान्य वाचनालयं आहेत आणि त्यांचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं अशा मोजणीवर. म्हणून रजिस्टरात पुस्तकं वाढतात. ती उघडली जातात का, चार माणसं त्यावर बोलतात का, हे कुणी विचारत नाही. ग्रंथालय संचालनालयाने हे विचारायला सुरुवात करावी. वर्षात एक पुस्तक निवडून त्याच्या पाच प्रती घेणं कोणत्याही वाचनालयाला परवडतं. प्रकाशकांनी अरबी, तुर्की, आफ्रिकी खेड्यांच्या कादंबऱ्या मराठीत आणाव्यात; माझ्या वहीवर गावाने किती दिवस भागवायचं? आणि वाचनालयांच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत जमाखर्चाला मंजुरी देण्याआधी हा एक विषय मांडावा: यंदा आपण सगळे मिळून कोणतं पुस्तक वाचणार?