खारातल्या कैऱ्या कशात घालाव्यात?

गेल्या उन्हाळ्यात एका घरी खारातल्या कैऱ्या रंगाच्या रिकाम्या बादलीत घातलेल्या पाहिल्या. "डॉक्टर, चांगली घासून घेतलीय," गृहिणी म्हणाल्या. परंतु प्लॅस्टिकमध्ये मुरलेली रंगातील रसायने घासून जात नाहीत. ती खारात उतरू शकतात. अॅल्युमिनियमचा डबाही मीठ व आंबटाने झिजतो. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यातले तांबे खारात उतरले, तर मळमळ, पोटदुखी, उलट्या होतात. माझे स्पष्ट मत असे, की खारासाठी काचेची किंवा आतून टवका न उडालेली चिनी मातीची बरणीच घ्यावी. ती उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी. घरात बरणी नसेल, तर कैऱ्या थोड्याच घालाव्यात. पण रंगाची बादली धुणे भिजवायलाच ठेवावी.