आधी तपासणी, मग कर्ज

वैमानिक होण्यासाठी मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की घरात कामांची एक रांग लागते. एजंटची भेट, बँकेचे कर्ज, जमिनीची किंवा घराची कागदपत्रे, व्हिसा, तिकीट. शरीराच्या तपासणीचा नंबर बहुधा शेवटी येतो, तोही 'आणखी एक कागद' म्हणून. हा क्रम चुकीचा आहे.

परदेशी जाण्यात गैर काही नाही. प्रशिक्षण बारामतीत आहे, गोंदियात आहे. पण पावसाळ्यात उड्डाणे खोळंबतात आणि व्यावसायिक परवान्याला लागणारे २०० तास भरायला वेळ जातो. ॲरिझोनाच्या कोरड्या, निरभ्र आकाशात तेच तास भराभर होतात. अडचण पुढे येते. तिथला परवाना इथे जसाच्या तसा चालत नाही. डीजीसीएच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि 'क्लास वन' ही वैद्यकीय तपासणी भारतीय नियमांनुसार उत्तीर्ण व्हावी लागते. लाखो रुपये संपल्यावर ती नापास झाली, तर हप्ते मात्र चालूच राहतात.

सर्वांत वाईट वाटावे असे उदाहरण रंगदृष्टीचे. लाल-हिरव्या रंगांतला फरक नीट न कळणे हा जन्मजात दोष आहे. त्यावर उपचार नाही आणि रोजच्या व्यवहारात तो जाणवतही नाही. बारावी होईपर्यंत मुलाला त्याचा पत्ता नसतो. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. म्हणून मामाला तो असेल तर भाच्याने आधी तपासून घ्यावे. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर विमान योग्य उतारावर; चारही लाल दिसले तर फार खाली. रात्री समोरून येणाऱ्या विमानाची दिशा पंखांच्या टोकांच्या लाल-हिरव्या दिव्यांवरून कळते. नियम कडक आहे तो यासाठी. ठिपक्यांतून आकडा ओळखायची इशिहारा चाचणी पाच मिनिटांत होते. अधिकृत प्रमाणपत्र मान्यताप्राप्त परीक्षकच देतो, पण जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात केसपेपर काढला तरी पहिला अंदाज मिळतो. काही देशांत नियम सैल आहेत. ऑस्ट्रेलियात १९८९च्या एका निकालानंतर असा दोष असलेल्यांनाही उडण्याची बरीच मोकळीक मिळाली. ज्याला भारतात नोकरी करायची आहे, त्याला त्याचा उपयोग नाही.

(चष्म्याची भीती मात्र अनाठायी आहे. चष्मा लावून नजर नियमात बसत असेल तर चालते. केवळ ऐकीव माहितीवर घाईने लेसर शस्त्रक्रिया करून घेणारी मुले उगाच नवी गुंतागुंत ओढवून घेतात.)

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तपासणीच्या अर्जात फिट, बेशुद्धी, मानसिक उपचार यांची विचारणा असते आणि तिथे कोणीतरी अनुभवी माणूस हळूच सांगतो, "ते लिहू नकोस." लहानपणी तापात आलेली झटक्याची एक घटना आणि अपस्मार यांतला फरक डॉक्टरला कळतो, पण त्याला माहिती मिळाली तर. लपवलेले उघड झाले की आजारापेक्षा खोटेपणाच महागात पडतो.

२४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेले जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने फ्रेंच आल्प्समध्ये जाणूनबुजून कोसळवले. १५० जण गेले. त्याला प्रशिक्षणकाळातच नैराश्याने गाठले होते. काही महिने खंड पडून ते पुन्हा सुरू झाले आणि पुढचा एक टप्पा ॲरिझोनात झाला. शिक्षणासाठी त्याने कर्ज काढले होते. अपघाताआधी डॉक्टरांनी त्याला कामासाठी अयोग्य ठरवले होते, ते त्याने कंपनीला कळवले नाही. फ्रेंच तपास अहवालाने कारणांत दोन गोष्टी नोंदवल्या: परवाना जाण्याची भीती आणि तो गेल्यास उत्पन्न बुडेल याला विम्याचे पुरेसे संरक्षण नसणे. नैराश्य आलेला प्रत्येक वैमानिक धोकादायक असतो, असा अर्थ कोणी काढू नये. बहुतेकांचे नैराश्य उपचाराने आटोक्यात येते. अमेरिकेने २०१० पासून नैराश्यावरची काही ठरावीक औषधे घेणाऱ्यांना अटींसह उडण्याची परवानगी दिली, ती त्यामुळेच. भारतातही डीजीसीएने २०२३ मध्ये वैमानिकांच्या मानसिक आरोग्यासाठी सहकाऱ्यांच्या मदतगटांची शिफारस केली.

यात शिकणारा मुलगा कुठेच बसत नाही. एकोणीस-वीस वर्षांचा, परक्या देशात चौघांसोबत खोली घेऊन राहणारा, हवामानामुळे उड्डाण रद्द झाले की खर्चाचा आकडा मोजणारा. झोप उडाली, रडू येऊ लागले, तर सांगणार कोणाला? प्रशिक्षकाला सांगावे तर परवान्याची भीती, घरी सांगावे तर कर्जाची.

कर्ज देताना बँक उत्पन्नाचे पुरावे पाहते, जामीनदार पाहते. त्याच फाइलीत 'क्लास वन'चे प्रमाणपत्रही अनिवार्य करायला हवे आणि ते मिळेपर्यंत एजंटला पहिला हप्ता घेण्यास मनाई हवी. मदतगटांची सोय पगारी वैमानिकांपुरती न ठेवता परदेशी शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनाही मिळावी. मराठीत, हिंदीत बोलता येईल असा एक फोन क्रमांक, आणि पलीकडच्या माणसाने पहिल्याच वाक्यात सांगावे की हे बोलणे परवान्याच्या फाइलीत जाणार नाही. जिवाला धोका दिसला तरच ते पुढे कळवले जाईल.