आवडीच्या पुस्तकाला दाखल क्रमांक

रहस्यकथा, चित्रकथा, भुताखेतांच्या गोष्टी, क्रिकेटची मासिके शालेय ग्रंथालयात ठेवावीत का, हा प्रश्न ग्रंथपालांच्या बैठकांत अजूनही निघतो. आमचे उत्तर स्पष्ट आहे. ठेवावीत, आणि दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक देऊन ठेवावीत.

रीतसर म्हणण्याला कारण आहे. अनेक शाळांत अशी पुस्तके असतात, पण शिक्षक रजेवर असले की वर्ग शांत ठेवण्यापुरती ती बाहेर निघतात. ती घरी न्यायला मिळत नाहीत. ‘आधी हे वाच, मग चांगलं देते,’ असेही मुलाला सांगितले जाते. मूल चटकन ओळखते की आपल्याला आवडले ते इथे कमी प्रतीचे मानतात. वाचनापासून आधीच दूर असलेल्या मुलाला परत पाठवायला एवढे पुरेसे असते.

मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या याच वाटेने आल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोहोचले, ते बहुधा पाठ्यपुस्तकाआड लपून. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे मात्र उजळ माथ्याने आला. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवरून संकटामागे धावणारा हा किडकिडीत मुलगा आजही पाचवी-सहावीच्या वाचकाला आपला वाटतो. भागवतांनीच ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठीत आणल्या. म्हणून आमची सूचना अशी की वर्गीकरण काहीही सांगो, या दोन्ही प्रकारची भागवतांची पुस्तके एकाच फळीवर शेजारी लावा. पुढची पायरी मुलाला हाताशी दिसू द्या, पण ती चढायचा आग्रह नको.

अडखळत वाचणाऱ्याला मालिकेचा मोठा आधार असतो. पहिल्या पुस्तकात नवी माणसे, नवी गावे, लेखकाची नवी भाषा असा सगळा भार एकदम पडतो. दुसऱ्या पुस्तकात त्यातले निम्मे ओळखीचे झालेले असते आणि सगळे लक्ष गोष्टीकडे राहते. एकाच मालिकेची पुस्तके ओळीने नेणारे मूल तिथेच अडकले, असे समजू नये. त्याचा वाचनाचा वेग तिथेच वाढत असतो. म्हणून मालिका घ्यायची तर पूर्ण घ्यावी आणि पहिल्या भागाच्या दोन-तीन प्रती घ्याव्यात. मधला भाग नसला की साखळी तुटते.

मासिकांचेही तसेच. मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये सुरू झाला. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट प्रश्नापाशी येऊन थांबायची आणि उत्तर सुचेपर्यंत मूल तिथे रेंगाळायचे. आता तो निघत नाही, पण जुने अंक घरोघरी पडून आहेत. पालकांकडून मागून घ्या. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मात्र अंकांची बांधणी करून जाडजूड खंड करू नका. सुटा अंक मूल सहज उचलते, खंडाला हात लावत नाही.

निवड हे ग्रंथपालाचे काम आहेच, ते सोडून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. नारायण धारपांच्या भयकथा नववीच्या पुढे शोभतात, पाचवीत नाही. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’वर देव गोरे आणि असुर काळे रंगवल्याची टीका झाली, आणि ती योग्यच आहे. तरीही आम्ही ती चित्रे कपाटाबाहेर ठेवू आणि मुलांना विचारू की असे का रंगवले असेल. सातवीतली मुले यावर आपल्याला वाटते त्याहून खोल बोलतात.

खरा अडसर मात्र कुलपाचा आहे. पुस्तक हरवले की वसुली आपल्याकडून होईल, ही धास्ती ग्रंथपालाला असते. बहुतेक लहान शाळांत तर ग्रंथपालच नसतो आणि वर्ग सांभाळून कपाटाची किल्ली सांभाळणारे शिक्षक असतात. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. जास्त हाताळली जाणारी पुस्तके आधी फाटतात, म्हणून तीच आधी कुलपात जातात. रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिले सूत्र पुस्तक वापरासाठी आहे असे सांगते. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत आपण सर्वांनी ते लिहिले आहे. मुख्याध्यापकांना आमची कळकळीची विनंती आहे: वापरून झिजलेल्या पुस्तकांचे निर्लेखन दरवर्षी करा, आणि त्याचा जाब ग्रंथपालाला विचारू नका.

आणखी एक. वाचून परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश मागणे थांबवावे. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मुलांनी जरूर बोलावे. एरवी पुस्तक परत आले आणि मूल पुढचे मागते आहे, एवढी पावती पुरे. मुलाने अर्धे वाचून परत केले तरी हसतमुखाने दुसरे काढून द्यावे.

मार्चअखेर अनुदान खर्ची टाकण्याच्या घाईत विक्रेत्याची तयार यादी मान्य होते आणि कोणी न मागितलेले संच कपाटात येतात. यंदा तसे होऊ देऊ नका. आताच वर्गावर्गांतून फिरा. जे ग्रंथालयात पाऊल टाकत नाहीत त्यांना आधी गाठा आणि त्यांना काय हवे ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. दिवाळीपूर्वी त्या याद्या आमच्याकडे पाठवा. कोणती पुस्तके आज बाजारात मिळतात आणि कोणती संपली आहेत, याची पडताळणी करून आम्ही त्या जानेवारीच्या अंकात छापू, म्हणजे मार्चच्या खरेदीला त्या हाताशी असतील.