वचननाम्यांतील शिपाई आणि शिवारांतील चोर

विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी, ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं, महायुतीनें कोल्हापूरच्या सभेंत जीं दहा वचनें जाहीर केलीं, त्यांत पोलीस दलांत २५,००० स्त्रियांची भरती करण्याचें एक वचन होतें. त्याच यादींत ४५,००० गांवांतून पाणंद रस्ते बांधण्याचेंहि वचन होतें. पाणंदीची गोष्ट निघाली कीं शेतकरी कान टवकारतो. पोलिसांची गोष्ट निघाली कीं ती शहरवाल्यांची म्हणून उठून जातो. आमच्या मतें ही मोठी चूक आहे. ज्या पाणंदीनें शेतकऱ्याचा माल बाहेर पडतो, तिनेंच रात्रीं त्याची मोटारहि बाहेर पडते. म्हणून कोणत्याहि पक्षाच्या पोलीसविषयक योजनेची परीक्षा शेताच्या बांधावर उभें राहून आम्ही करूं इच्छितों.

प्रथम वचनाच्या चांगल्या बाजूविषयीं. शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांस ३० टक्के आरक्षण महाराष्ट्रांत पूर्वीपासूनच आहे. तरी खेड्यांतील स्त्रीस आपलें गाऱ्हाणें पुरुष अंमलदारापुढें मांडण्याचा संकोच अद्याप वाटतो. ठाण्यांत स्त्रिया वाढल्या तर हा संकोच कमी होईल व दडपून राहिलेल्या अनेक तक्रारी उजेडांत येतील. या हेतूस आमचा पाठिंबा आहे. परंतु भरतीचा आंकडा सांगणें हें वचनाचें अर्धेंच अंग होय. भरलेला शिपाई कोठें नेमणार, हें दुसरें अंग. आणि त्याविषयीं वचननामे बहुधा मौन पाळतात. सगळी वाढ आयुक्तालयांत, बंदोबस्तांत व मान्यवरांच्या संरक्षणांत मुरली, तर दहा कोसांवरील वाडीस तिचा काय उपयोग?

शिवारांतील चोरीचें स्वरूप निराळें असतें. विहिरीवरील केबल कापून तांबें नेतात, स्टार्टर काढतात, ठिबकच्या नळ्या गुंडाळून नेतात, गोठ्यांतील शेळ्या सोडतात. केबलची किंमत थोडी असेल. पण भर उन्हाळ्यांत चार पाळ्या चुकल्या तर जें पीक जळतें, त्याची किंमत कोण मोजतो?

कायदाहि येथें कमी पडतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलांत आली. तिच्या कलम ३०३ प्रमाणें चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असून, आरोपी प्रथमच दोषी ठरला व त्यानें माल किंवा त्याचें मोल परत केलें, तर त्यास समाजसेवेची शिक्षा द्यावयाची आहे. प्रथम चुकलेल्या गरिबास तुरुंगांत टाकूं नये, हा उद्देश दयेचा आहे व तो आम्हांस मान्य आहे. पण अशी चोरी अदखलपात्र ठरविली असल्यामुळें, न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसांस तपास करतां येत नाहीं. चोर सांपडला तर दया दाखवावी हें ठीक; पण तपासच नसेल तर तो सांपडणार कसा?

यावर एक उपाय त्याच संहितेंत आहे. शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असें नुकसान जाणूनबुजून करणाऱ्यास कलम ३२६ प्रमाणें पांच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असून तो गुन्हा दखलपात्र आहे. चालू मोटारीची केबल कापणाऱ्यास पाणी बंद पडेल हें ठाऊक असतें. तेव्हां वाचकांनीं तक्रार लिहितांना केवळ “केबल गेली” एवढेंच न लिहितां, पाणी कोणत्या दिवसापासून बंद पडलें व किती एकर पीक धोक्यांत आलें, हें स्पष्ट लिहावें. तें कलम लावावयाचें कीं नाहीं हें पोलिसांनीं ठरवावें. पण विचार करण्याजोगी हकीकत त्यांच्यापुढें ठेवणें आपल्या हातीं आहे.

गांवच्या बंदोबस्ताचा खरा कणा पोलीस पाटील होय. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानें त्यावर गुन्ह्याची खबर देणें, गुन्हा टाळण्याची खटपट करणें व पोलिसांस साह्य करणें हीं कामें सोंपविलीं आहेत. वतनदारी गेली व नेमणूक आली, हें योग्यच झालें. परंतु नेमलेल्या पाटलाच्या खबरीवर ठाण्यांत काय झालें, हें त्यास कोणी कळवीत नाहीं. ज्याच्या शब्दास ठाण्यांत वजन नाहीं, त्यास गांवांत तरी कोण मानील?

केवळ संख्येनें काम होत नाहीं, याचें उदाहरण नाशिकचें आहे. द्राक्षें व कांदा घेऊन पैसे न देतां पसार होणारे व्यापारी ही तेथील जुनी पीडा. २०२० च्या उत्तरार्धांत नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रतापराव दिघावकर यांनीं अशा फसवणुकीविरुद्ध मोहीम उघडली, आणि अनेक व्यापाऱ्यांनीं थकविलेले पैसे शेतकऱ्यांस परत केले. त्यासाठीं नवा कायदा झाला नव्हता. शेतकऱ्याचें बुडालेलें बिल हा गुन्हा असूं शकतो, एवढें वरिष्ठानें मनावर घेतलें होतें. मात्र अधिकारी बदलला कीं मोहीम मंदावते, हा आपल्याकडील नेहमींचा अनुभव. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानें प्रकाश सिंग खटल्यांत २२ सप्टेंबर २००६ रोजीं ठाणें-अंमलदारापासून महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांची मुदत असावी व तपासाचें काम बंदोबस्ताच्या कामापासून वेगळें करावें, असे आदेश दिले. त्यानंतर सत्तेवर अनेक पक्ष आले. बदल्यांची दोरी मनापासून सोडणारा एकहि आम्हांस दिसला नाहीं.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें. नव्या भरतींतील ठराविक हिस्सा ग्रामीण ठाण्यांसाठीं राखून ठेवावा व तो जाहीर करावा. शेतीच्या साधनांची चोरी मालाच्या किमतीवरून न मोजतां पिकाच्या हानीवरून मोजावी. पोलीस पाटलाच्या प्रत्येक खबरीस ठाण्यानें लेखी उत्तर द्यावें. हीं मागणीं कोणा एका पक्षापुढें नाहींत. मतें मागावयास जो येईल, त्यास शेतकऱ्यानें कर्जमाफी व हमीभाव विचारावाच, पण त्याबरोबर हेंहि विचारावें कीं, “आमच्या शिवारांत रात्रीं गस्त कोण घालणार?” या प्रश्नास गांवाचें व ठाण्याचें नांव घेऊन जो उत्तर देईल, त्याचीच योजना खरी समजावी.